कुलूप आणि भरवसा

दाराला कुलूप घालून आपण निर्धास्त होतो. परंतु हा निर्धास्तपणा कशाच्या आधारावर? आमचे कुलूप किल्लीवाचून उघडील त्यास २०० गिनी, अशी पाटी लंडनमधील ब्रामा यांच्या दुकानी कित्येक वर्षे झळकत होती. १८५१ साली हॉब्ज या अमेरिकन कारागिराने सोळा दिवसांत ५१ तास खपून ते उघडले! या मानभंगाने कुलूपकारांची झोप उडाली व सुधारणांस वेग आला. आता तर कुलूप बोटाचा ठसाही ओळखते. तथापि जुना धडा कायम आहे: अभेद्य असे काही नाही. म्हणून अंकी कुलूप घेतलेत, तर कारखान्याने दिलेला संकेतांक पहिल्याच दिवशी बदला. हरवलेली किल्ली नवी करता येते, बोट नव्हे. यास्तव ठसा कुलपातच राहतो की बाहेर पाठविला जातो, हे खरेदीपूर्वी अवश्य विचारा.