महिनाभर काय पाहिलंस?



वर्सोव्याहून सांगलीला परतले त्याच संध्याकाळी जाऊबाईंनी विचारलं, "महिनाभर मुंबईत होतीस, काय काय पाहिलंस?" मी म्हटलं, "समुद्र." "आणि?" "आणि काही नाही." त्यांना वाटलं, मी काहीतरी लपवतेय!

झालं असं. धाकटी बहीण लेकीच्या बाळंतपणाला गेली. तिचा वर्सोव्याचा फ्लॅट बंद राहायला नको, म्हणून मार्गशीर्षात आम्ही दोघं तिथे राहायला गेलो. दिवाळीत यांनी दुकानाच्या किल्ल्या मुलाच्या हाती दिल्या होत्या आणि तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या चालल्या होत्या. लग्नाला चाळीस वर्षं झाली, पण आम्ही दोघं कधी रिकामे असे बसलोच नव्हतो. बसता येईल का, याचीच मला धास्ती.

पहिले चार दिवस बसलोही नाही. गेटवे झालं, राणीची बाग झाली, नातेवाइकांच्या भेटी झाल्या. बाहेरचं चालत नाही, म्हणून मी पहाटे पाचला उठून डबा करायची. पाचव्या दिवशी यांचे गुडघे सुजले. मी कॉमर्सची, सवयीनं वहीत हिशेब मांडला. प्रवासात तेवीस तास, प्रत्यक्ष पाहण्यात सहा. विश्रांतीच्या खात्यात शून्य.

तेव्हा मला देशव्रत आठवलं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात दिग्व्रताच्या पाठोपाठ ते येतं. ठरावीक काळापुरती आपल्या जाण्यायेण्याची हद्द आखून घ्यायची. आणि त्याच्या पुढचं व्रत कुठलं? अनर्थदंडविरती. कारण नसताना हिंडणं आणि दुसऱ्यालाही हिंडवणं, ही त्यातली प्रमादचर्या. पाठशाळेत हे पाठ केलं होतं, पण गुडघे सुजल्यावर कळलं.

मग आम्ही हद्द ठरवली. उत्तरेला जेट्टी, पूर्वेला मेट्रोचं स्टेशन, दक्षिणेला पायांना झेपेल तेवढा किनारा. चतुर्दशीला अंधेरीच्या मंदिरापर्यंत मुभा. जेट्टीवरून बोट काही मिनिटांत पलीकडे मढला नेते. सगळे म्हणायचे, एकदा जाऊन या. आम्ही अलीकडूनच पाहिलं.

दुसरी हद्द स्वयंपाकघराला घातली. सकाळी भाकरी, एक भाजी, आमटी. संध्याकाळी मुगाची खिचडी. लोणचं नाही, लाडू नाहीत, "आलोच आहोत तर" म्हणून पाहुण्यांना जेवायला बोलावणं नाही. मैत्रिणींनो, पुरुषाची विश्रांती खुर्चीत सुरू होते, आपली मात्र ओट्यापाशी अडते. यांना मी तसं सांगितलंही. दुसऱ्या दिवसापासून भाजी निवडायचं काम यांच्याकडे गेलं.

डिसेंबरात मुंबईचा सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. सांगलीत हीच वेळ माझ्या जिवावर येते, कारण सूर्यास्ताआधी सगळ्यांची ताटं उरकायची घाई. इथे पाचला जेवण, वरून पाणी पिऊन झालं की पायात चपला. समोर सूर्य पाण्यात उतरताना पाहायचा आणि घरी येऊन सामायिकाला बसायचं. त्यानंतर उरलेली संध्याकाळ कुणाचीच देणेकरी नसायची.

आता एक कबुली. जेट्टीच्या वाटेवर कोळीवाडा आहे. बांबूंवर बोंबील वाळत घातलेले असतात. पहिल्या दिवशी मी पदर नाकाला लावला आणि समोरून येणाऱ्या कोळणीनं तो पाहिला. ती काही बोलली नाही. मला मात्र रात्री प्रतिक्रमण करताना तिचा चेहरा दिसत राहिला. जीवहिंसा मला मान्य नाही, कधी होणारही नाही. पण आम्ही चार आठवड्यांचे पाहुणे, ते इथे पिढ्यान् पिढ्या राहणारे. त्यांच्या दारात जाऊन त्यांची घृणा करायची, ती कुठली अहिंसा?

हद्द लहान असली की तीच माणसं रोज भेटतात. तिसऱ्या आठवड्यात त्याच बाई भेटल्या. मी विचारलं, "भरती किती वाजता?" त्या म्हणाल्या, "आज तिथी कुठली, सांगा. तिथीची पाऊणपट करा." अष्टमी होती. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग. अहो, अष्टमी-चतुर्दशी मी जन्मभर पाळतेय, हिरवी भाजी वर्ज्य करतेय, आणि त्याच तिथ्यांवर या बाईंचं घर चालतं! धर्म वेगळा, ताट वेगळं, पण पंचांग एकच. त्या दिवसापासून पदर नाकाला गेला नाही.

ज्या वाळूवर आम्ही चालायचो, ती काही वर्षांपूर्वी कचऱ्याखाली गाडलेली होती. तिथेच राहणारे वकील अफरोज शाह यांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये ती साफ करायला घेतली. लोक जोडले गेले. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा गौरव केला आणि मार्च २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात गेली. त्यांनीही दारापुढचाच तुकडा धरला होता.

आपल्यात हल्ली यात्रा असो की सहल, जितकी ठिकाणं जास्त तितकं पुण्य आणि तितके फोटो. सात दिवसांत अकरा ठिकाणं करून आलेली बाई आठवडाभर अंग चेपून घेते. माझं मत विचाराल तर, थकलेल्या माणसाला नवं ठिकाण नको, हद्द हवी. बसणं म्हणजे आळस नव्हे. सावधपणे बसलं तर ते व्रत आहे, बेसावध हिंडलं तर तो प्रमाद.

निघायच्या आदल्या संध्याकाळी हे वाळूत बसून म्हणाले, "दुकानाची आठवण आली नाही बघ आज." चाळीस वर्षांत पहिल्यांदाच!

जाऊबाई, हे पाहिलं मी.