गळत होता क्लच, दोष पायाला

परवा धाकट्या बहिणीचा पाचगणीहून फोन आला. "दादा, गाडी विकलीस म्हणे?" मी उडालोच. गाडी दारात उभी आणि विकल्याची बातमी घाट चढून वर गेलेली! म्हटले, एकदा सगळे लिहूनच टाकावे. भाचे-पुतणे वाचतातच.

आमची डिझेलची गाडी २००३ सालची. पंधरा वर्षांनी तिची पुनर्नोंदणी झाली, मग पाच वर्षांनी पुन्हा. मी चौऱ्याहत्तरचा. माझाही परवाना आता पाच-पाच वर्षांच्या बोलीवर, डॉक्टरच्या दाखल्यासह. सरकारदरबारी आम्ही दोघे एकाच रांगेत.

फेब्रुवारीत पसरणी घाटात एका वळणावर दुसरा गिअर पडेना. कर्रर्र आवाज, मागे एसटीचा हॉर्न. क्लच तीनदा दाबला तेव्हा कुठे पडला. सौ. म्हणाली, "अहो, पाय पुरता दाबत जा ना." त्याच रात्री बंगळूरहून चिरंजीव, "बाबा, आता ड्रायव्हिंग बस झालं." खरे सांगतो, मलाही तेच वाटू लागले होते. डावा गुडघा दुखतोच. महिनाभर भिंतीला धरून पाय उचलण्याचा व्यायाम केला!

मग गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मुलाने गाडी एकदा पुढे-मागे केली आणि म्हणाला, "सर, गिअरबॉक्स उतरवू. क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सगळं नवीन टाकू. नाहीतर विकून मोकळे व्हा." त्याने बॉनेट उघडले नाही. माझे भांडण आहे ते इथे. पेपर न तपासता नापास करण्याची ही रीत आहे. चूक त्या एकट्याची नाही. घरच्यांनी माझ्या पायाचे तेच केले होते आणि मी मान डोलावली होती.

घरी येऊन बॉनेट उघडले. क्लचच्या तेलाची छोटी डबी तळाला गेलेली. पेडलपाशी आत हात फिरवला, कोरडे. म्हणजे वरचा मास्टर सिलिंडर शाबूत. शेजारचा पॉलिटेक्निकचा मुलगा गाडीखाली शिरला (मला शिरता येते, बाहेर येता येत नाही) आणि ओरडला, "आजोबा, इथं ओलं आहे!" गिअरबॉक्सच्या खोक्याला बाहेरून दोन बोल्टांनी बसवलेला स्लेव्ह सिलिंडर गळत होता. गिअरबॉक्स उतरवायची गरजच नव्हती.

हे प्रकरण सोपे आहे. सलाइनच्या नळीने दोन इंजेक्शनच्या सिरिंज जोडा, पाणी भरा, एक दाबली की दुसरी सरकते. हाच पास्कलचा नियम. शाळेत मी तो घोकला, पुढे जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवला, आणि पास्कल एकोणचाळिसाव्या वर्षी गेला एवढेच लक्षात राहिले. सिरिंजमध्ये हवा शिरली की जोर तिला दाबण्यातच जातो. आमचे पेडल तसेच पोकळ झाले होते.

भाषेच्या मास्तराची एक तक्रार. आपण याला 'ब्रेक ऑइल' म्हणतो, पण ते तेल नव्हे. झाकणावर डॉट ३ लिहिलेले असते तो ग्लायकॉलच्या जातीचा द्रव असतो. नावाला भुलून कुणी त्यात इंजिन ऑइल ओतले तर आतली रबरे फुगून सगळे वाया. शिवाय हा द्रव हवेतले पाणी ओढतो आणि रंग खातो. आमच्याकडून मडगार्डवर थोडा सांडला, लगेच पाणी ओतून धुतला म्हणून वाचलो.

सपाट जागी हँडब्रेक ओढून, चाकांना दगड लावून, गाडी लोखंडी स्टँडवर घेऊन त्या मुलाने सिलिंडर काढला. पिस्टनवरचे रबर झिजलेले. बाजारातून किट आणले, बसवले, आणि मी गल्लीभर सांगत सुटलो की दीडशे रुपयांत काम झाले.

आठ दिवसांनी पुन्हा थेंब.

सिलिंडर परत उघडून बॅटरीच्या उजेडात पाहिला तर आत गंजाचे खड्डे. द्रव कित्येक वर्षे बदललाच नव्हता, त्यात मुरलेल्या पाण्याचे हे काम. खड्ड्यांवर घासून नवे रबरही कापले गेले. यावेळी मुकाट्याने अख्खा सिलिंडर नवा आणला. 'बदलून टाका' हे उत्तर कधीकधी बरोबर असते, माझी हरकत ते न बघता देण्याला आहे.

हवा काढायला दोन माणसे लागतात. सौ. ड्रायव्हरच्या जागेवर, आयुष्यात पहिल्यांदा. "दाब… धर!" की खाली तो मुलगा निपल सैल करणार, बुडबुडे नळीतून बाटलीत येणार, निपल बंद झाले की "सोड!" आधी सोडले तर हवा परत आत. "अहो, सोडू का?" "अगं नको, थांब!" असे पंचवीसेक वेळा झाले. मी वरून डबी भरत होतो. हळूहळू पेडल कडक लागले. ती म्हणाली, "मग घाटात तुमचा पाय नव्हता तर." एवढ्यावर तिने विषय संपवला.

ब्रेकला मात्र मी घरी हात लावणार नाही. क्लच बिघडला तर गाडी अडते, ब्रेक बिघडला तर थांबत नाही. आणि तपासायचे तर सगळेच तपासावे म्हणून नेत्रतज्ज्ञाकडेही जाऊन आलो. उजव्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे. रात्रीची गाडी मी आपणहून बंद केली, चिरंजीवांना कळवले आहे.

असो. नव्या बाटलीतला अर्धा द्रव उरला आहे. बाटली उघडल्यावर तो फार दिवस ठेवू नये. वाईत कुणाला लगेच लागणार असेल तर घेऊन जा.