पेशीतली मोड

मुलांनो, नाशिकच्या भांडी बाजारात कधी गेलात तर एक गंमत पाहा. चेपलेला तांब्या, बूड गेलेलं पातेलं लोक पिशवीतून आणतात. दुकानदार ते तोलतो आणि मोडीचे पैसे नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करतो. (मोड म्हणजे मिसळीतल्या मटकीचे मोड नव्हेत हं!) ती मोड पुढे वितळते, आणि तिचीच नवी भांडी घडतात.

आपल्या शरीरातल्या पेशीही हाच धंदा करतात! बिघडलेले भाग, गुठळ्या झालेली प्रथिनं पेशी एका पिशवीत कोंबते, पिशवी पाचक रसांच्या कोठीत रिकामी करते आणि सुटे झालेले घटक पुन्हा वापरते. याला म्हणतात ऑटोफॅजी, म्हणजे स्वतःलाच खाणं. नाव भयंकर, काम मात्र काटकसरीचं.

जपानच्या योशिनोरी ओसुमींनी याचा छडा लावला, तोही पाव फुगवणाऱ्या यीस्टवर! कोठीतला माल फोडणारी विकरं नसलेलं यीस्ट त्यांनी उपाशी ठेवलं. थोड्याच वेळात कोठीत पिशव्यांचा खच पडला. फोडणारं कोणी नव्हतंच ना! हे 1992 मध्ये प्रसिद्ध झालं. नोबेल मिळालं 2016 मध्ये. (म्हणून तुम्ही उपाशी राहू नका. हे काम एरवीही थोडंथोडं चालूच असतं.)

पण पिशवी शिवायची कुठे, हे पेशीला कसं कळतं? पेशीतले पापुद्रे स्निग्ध रेणूंचे असतात. व्हीपीएस 34 नावाचं विकर त्यातल्या एका जातीच्या रेणूला फॉस्फेटचा एक तुकडा चिकटवतं. बस्स, एवढंच! भिंतीवर खडूने फुली मारावी, तसं. फुली ओळखणारी प्रथिनं तिथे जमतात, पापुद्रा वाढत वाढत वाटीसारखा होतो आणि शेवटी त्याची बंद पिशवी होते. यीस्टमध्ये हे विकर कोणत्या साथीदारांबरोबर ही फुली मारतं, ते ओसुमींच्याच गटाने 2001 मध्ये दाखवलं.

आणि पिशवी झालीच नाही तर? पिल्लू जन्मलं की नाळेतून येणारं अन्न एकदम तुटतं. तेव्हा पेशी मोडीवर भागवतात. पिशवीसाठी लागणारं एक प्रथिन नसलेली उंदरांची पिल्लं एका दिवसात दगावली, असं जपानी शास्त्रज्ञांना 2004 मध्ये दिसलं. मेंदूच्या बहुतेक पेशी तर जन्मभर त्याच असतात. 2006 मध्ये काही उंदरांच्या फक्त मज्जापेशींतली ही सोय बंद केली, तेव्हा तिथे प्रथिनांच्या गुठळ्या साचल्या आणि त्या उंदरांना नीट चालता येईना.