घरचा हिरा, बाजारचा भाव

पिट्सबर्ग पायरेट्स हे नाव आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पहिल्यांदा ऐकलं ते २००८ साली. उत्तर प्रदेशातले रिंकू सिंग आणि दिनेश पटेल हे दोन भालाफेकपटू चेंडू फेकण्याची एक स्पर्धा गाजवून अमेरिकेत गेले आणि याच बेसबॉल संघानं त्यांना करारबद्ध केलं. पुढे त्यांच्यावर चित्रपटही निघाला. ज्याची पिशवी लहान, त्याला बाजारात जरा लांबवर फिरावं लागतं. पण असं फिरता फिरता एखाद्या दिवशी हातात खरोखरच हिरा आला, तर काय करायचं? तो जपायचा, की भाव चढा आहे तोवर विकून मोकळं व्हायचं? या संघाची अनेक वर्षं याच एका प्रश्नाभोवती फिरली आहेत.

पिट्सबर्ग हे पेनसिल्व्हेनिया राज्यातलं पोलादाचं शहर. पोलादाचे बहुतेक कारखाने १९८० च्या दशकापर्यंत बंद पडले. आसपासची उपनगरं धरली तरी वस्ती पंचवीस लाखांच्या आतच. न्यूयॉर्कच्या परिसरात सुमारे दोन कोटी माणसं राहतात. बेसबॉल संघाचं उत्पन्न बरंचसं तिकिटांवर आणि स्थानिक टीव्हीच्या पैशावर अवलंबून, म्हणजे मोठ्या शहराचा संघ जन्मतःच श्रीमंत! अमेरिकन फुटबॉलमध्ये पगाराच्या एकूण खर्चावर कमाल मर्यादा असते. बेसबॉलमध्ये अशी मर्यादा आजवर लागू झालेली नाही, फार खर्च करणाऱ्याला कर भरावा लागतो इतकंच. श्रीमंतांच्या उत्पन्नातला थोडा वाटा लहान संघांना मिळतो, पण त्यानं दरी बुजत नाही.

त्यात आणखी एक नियम. नवा खेळाडू साधारण सहा वर्षं त्याच्या संघाशी बांधलेला असतो. सुरुवातीला त्याचा पगार मोठ्या खेळाडूंच्या मानानं किरकोळच. सहा वर्षं झाली की तो मोकळा, जो जास्त देईल त्याच्याकडे जायला तयार. म्हणून मुदत संपत आली की गरीब संघापुढे तीन वाटा उरतात. कर्ज काढून सण करावा तसा मोठा करार करायचा, शेवटच्या दिवसापर्यंत खेळवून जवळजवळ रित्या हातानं निरोप द्यायचा, किंवा आधीच दुसऱ्या संघाला देऊन बदल्यात दोन-चार तरुण खेळाडू घ्यायचे. या तिसऱ्या वाटेला तिकडे ‘ट्रेड’ म्हणतात.

दुसऱ्या वाटेचा चटका पिट्सबर्गनं १९९२ मध्ये खाल्ला. त्या ऑक्टोबरात संघ अंतिम मालिकेच्या उंबरठ्यावर होता. अटलांटाविरुद्धच्या सातव्या सामन्यात शेवटच्या क्षणी सिड ब्रीम हा धिम्या पायांचा गडी घसरत घरच्या पाटीवर पोचला आणि बॅरी बाँड्सची फेक किंचित उशिरा आली. गंमत म्हणजे हा ब्रीम दोन वर्षांपूर्वीपर्यंत पिट्सबर्गचाच खेळाडू होता! त्या हिवाळ्यात बाँड्सही सॅन फ्रान्सिस्कोला निघून गेला. त्यानंतर संघानं सलग २० हंगाम जिंकले त्याहून जास्त सामने हरले. अमेरिकेतल्या कोणत्याही मोठ्या व्यावसायिक खेळात इतकी लांब साडेसाती कुणाला भोगावी लागलेली नाही.

ती संपवली अँड्र्यू मॅककचननं. फ्लोरिडातल्या एका लहानशा गावातला हा मुलगा २००५ मध्ये, अठराव्या वर्षी, संघाच्या हाती लागला. तो मोठ्या संघात आला कसा, हेही लक्षात ठेवण्यासारखं आहे. जून २००९ मध्ये पायरेट्सनी आपला तेव्हाचा लाडका खेळाडू नेट मॅक्लाउथ अटलांटाला देऊन टाकला. लोक हळहळले, आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या रिकाम्या जागेवर मॅककचन उभा राहिला. बदल्यात मिळालेले चार्ली मॉर्टन आणि जेफ लॉक हे दोन गोलंदाज पुढे २०१३ च्या यशात भागीदार झाले. ट्रेड म्हणजे प्रत्येक वेळी दिवाळं, असं नसतं ते असं.

मार्च २०१२ मध्ये मॅककचननं सहा वर्षांसाठी ५ कोटी १५ लाख डॉलरचा करार केला. त्याच्या तोडीच्या खेळाडूला मोठ्या शहरात याहून कितीतरी जास्त मिळालं असतं. २०१३ मध्ये संघानं ९४ सामने जिंकले, मॅककचन आपल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि १ ऑक्टोबरच्या बाद सामन्यात काळे कपडे घालून आलेल्या प्रेक्षकांनी नदीकाठचं ते मैदान अक्षरशः दणाणून सोडलं. वीस वर्षांची पोरं आयुष्यात पहिल्यांदाच आपला संघ जिंकताना बघत होती.

पण २०१६ मध्ये त्याची फलंदाजी उतरली. त्याच हिवाळ्यात वॉशिंग्टनशी बोलणी झाली. ती फिसकटली, तरी ‘मॅककचनला विकणार’ ही कुजबुज काही थांबली नाही. अखेर १५ जानेवारी २०१८ ला त्याला सॅन फ्रान्सिस्कोकडे धाडण्यात आलं. दोनच दिवस आधी संघाचा पहिल्या क्रमांकाचा गोलंदाज गेरिट कोल ह्यूस्टनला गेला होता. आपल्या आयपीएलमध्ये अदलाबदलीला खेळाडूची संमती लागते. तिथे मात्र मोठ्या लीगमध्ये दहा वर्षं आणि त्यातली शेवटची पाच त्याच संघात झाल्याशिवाय नकाराचा हक्क मिळत नाही. मॅककचनची दहा भरायला थोडा अवधी होता. त्याला कुणी विचारलंच नाही.

शहर संतापलं. मालकाला संघ विकायला लावा, अशा अर्जावर हजारो लोकांनी सह्या केल्या. मे महिन्यात मॅककचन परक्या गणवेशात त्याच मैदानावर आला, तेव्हा सगळे उठून उभे राहिले आणि टाळ्या थांबेनात.

आता भावना बाजूला ठेवून हिशेब करू. मॅककचन एकतिशी ओलांडलेला, करार संपायला एकच वर्ष उरलेलं. त्याच्या बदल्यात आलेला ब्रायन रेनॉल्ड्स हा तरुण पुढे उत्तम फलंदाज निघाला. म्हणजे हा सौदा फसला असं कुणी म्हणू शकणार नाही. पण त्याच वर्षी जुलैत पायरेट्सनी टायलर ग्लासनो, ऑस्टिन मेडोज आणि शेन बाझ हे तीन होतकरू खेळाडू टॅम्पा बेला देऊन क्रिस आर्चर घेतला. टॅम्पाचीही पिशवी लहानच, पण तो संघ ग्लासनोला घेऊन २०२० च्या अंतिम मालिकेत खेळला. पायरेट्सनी त्या वर्षी ६० पैकी ४१ सामने गमावले आणि पुढच्या दोन हंगामांत शंभर-शंभर! गरिबी दोघांचीही सारखीच, फरक अकलेचा आणि चिकाटीचा.

माझ्या मते चूक विकण्यात नव्हती. विकून आलेल्या माणसांभोवती संघ उभा करायचा असतो, आणि त्यासाठी खिशात हात घालावा लागतो. तो कुणी घातला नाही. डिसेंबर २०२२ मध्ये तर रेनॉल्ड्सनंच ‘मला दुसरीकडे पाठवा’ अशी मागणी केली. तेव्हा कुठे मालकांना जाग आली. एप्रिल २०२३ मध्ये त्याच्याशी आठ वर्षांचा, साडेदहा कोटी डॉलरहून मोठा करार झाला. तोवर इतकी रक्कम या संघानं कुणालाही दिली नव्हती. त्याच वर्षी मॅककचनही ५० लाख डॉलरवर परत आला, आणि ११ जूनला कारकीर्दीतला दोन हजारावा फटका त्यानं त्याच नदीकाठी मारला. छत्तीस वर्षांच्या या खेळाडूसाठी लोक पुन्हा तिकिटाच्या रांगेत उभे राहिले. हे उत्पन्न २०१८ च्या हिशेबाच्या कोणत्या रकान्यात धरलं होतं?

आता हिरा आहे पॉल स्कीन्स. २०२३ मध्ये पहिल्या क्रमांकानं निवडलेला हा गोलंदाज २०२४ मध्ये लीगचा सर्वोत्तम नवा खेळाडू ठरला आणि २०२५ मध्ये सर्वोत्तम गोलंदाज. तरीही २०२५ च्या हंगामात संघाच्या नावावर ७१ विजय आणि ९१ पराभव. स्कीन्सला विकणार का, हे लोक विचारू लागले आणि व्यवस्थापनानं ‘नाही’ म्हणून सांगितलं. त्या ‘नाही’वर पिट्सबर्गचा किती विश्वास बसला असेल, ते वाचकहो, तुम्हीच ठरवा.