चौथ्या वर्षाचा हिशेब

तिसऱ्या वर्षाअखेर पदवी घेऊन बाहेर पडावे, की आणखी एक वर्ष थांबून ‘ऑनर्स’ व्हावे, हा प्रश्न राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने बी. ए., बी. कॉम.च्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या घरात नेऊन ठेवला आहे. महाराष्ट्रातील स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून ही रचना स्वीकारली. तीन वर्षांना किमान १२० श्रेयांक, चार वर्षांना १६०. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के गुण असतील तर संशोधनासह ऑनर्स. कागदावर रचना सुबक आहे. लोअर परळच्या ना. म. जोशी मार्गावरील चाळीत राहणाऱ्या कुटुंबाला ती कितपत पेलेल, हे मात्र त्या कागदावरून कळत नाही.

चार वर्षांची पदवी ही काही अपूर्वाई नव्हे. १०+२+३ चा आकृतिबंध येण्यापूर्वी अकरावी मॅट्रिकनंतर चार वर्षांनीच बी. ए. होता येत असे. तेव्हाची आणि नंतरची बेरीज पंधराच. नवी बेरीज सोळा होते, आणि वाद आहे तो या सोळाव्या वर्षाचा.

या वर्षाची किंमत म्हणजे केवळ फी नव्हे. मुलाने वा मुलीने त्या काळात जे कमावले असते तेही घरात येत नाही. अर्थशास्त्रात याला संधी-खर्च म्हणतात. गिरणगावाला ही संज्ञा शिकविण्याची गरज नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला, तेव्हा किती मुलांनी दप्तर खुंटीला टांगले हे इथल्या प्रत्येक चाळीला ठाऊक आहे. आज फिनिक्स आणि कमला मिलच्या आवारांत दुकाने, उपाहारगृहे व कार्यालये आहेत. तेथील काउंटरमागे उभे राहणाऱ्याला ऑनर्सची विचारणा होत नाही, आणि पगार महिनाअखेर हातात पडतो. अशा घरातल्या विद्यार्थ्याने चौथे वर्ष नाकारले, तर त्याला ज्ञानाची ओढ नाही असे म्हणणे उद्धटपणाचे होईल.

तथापि ज्याला एम. ए. वा एम. कॉम. करायचेच आहे, त्याचा हिशेब वेगळा आहे. तीन अधिक दोन काय आणि चार अधिक एक काय, वर्षे पाचच. शिवाय विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२४ मध्ये ७५ टक्के गुणांसह चार वर्षांची पदवी घेणाऱ्यांना नेटचा व पीएच. डी.चा मार्ग थेट मोकळा केला. अध्यापनाकडे वा संशोधनाकडे वळू पाहणाऱ्याने मग मागे का राहावे? उलट राज्यसेवा परीक्षेला किंवा बँकेतील लिपिकाच्या जागेला पदवी लागते, ऑनर्स लागत नाही. केवळ नावाच्या झळाळीसाठी (इंग्रजी बिरुदांचा मोह आपल्याला पूर्वीपासूनच आहे) एक वर्ष खर्ची घालणे मला तरी परवडणारे दिसत नाही. तीन वर्षांची पदवी घेतली म्हणून पुढची वाट बंद होत नाही. दोन वर्षांचे एम. ए. नोकरी सांभाळून दूरशिक्षणानेही करता येते.

खरी काळजी दुसरीच आहे. संशोधनासह ऑनर्स म्हटले की मार्गदर्शक हवा. तासिका तत्त्वावर नेमलेला अध्यापक तास संपताच दुसऱ्या महाविद्यालयासाठी लोकल गाठतो. त्याने वर्षभर एखाद्याच्या प्रबंधामागे उभे कसे राहावे? आणि ७५ टक्क्यांची चाळणी गुणांची म्हणून न्याय्य मानली, तरी तिच्यातून निघालेल्या हुशार मुलीला घरच्या पगाराची दुसरी चाळणी अडवणार असेल, तर चौथे वर्ष सुखवस्तू घरांपुरतेच उरेल. शासनाने या एका वर्षासाठी निर्वाहापुरती शिष्यवृत्ती द्यावी, ही मागणी अवास्तव नाही. ती मिळेतोवर विद्यार्थ्यांनी अर्ज भरण्याआधी प्राचार्यांना निदान एवढे विचारावे: माझ्या विषयाचे चौथे वर्ष याच महाविद्यालयात आहे काय, ते शिकविणारे पूर्णवेळ अध्यापक किती, आणि ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते?