नासाडीचा हिशेब कोण देणार?

२ ग्रॅम वजनाची संगणकाची एक चिप घडविताना ३२ किलो पाणी आणि ७२ ग्रॅम रसायने खर्ची पडतात, असा हिशेब संशोधकांनी २००२ साली मांडला. दोष पद्धतीत आहे. तबकडीभर थर चढवायचा आणि नको तो भाग रसायनांनी कोरून टाकायचा!

ही नासाडी अटळ नव्हे. २०२१ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात कार्बनच्या नॅनोनलिका, ग्राफीन व नॅनोसेल्युलोज यांच्या शाईने कागदावर ट्रान्झिस्टर छापले गेले. द्रव्य हवे तेवढ्याच जागी पडले. नंतर नलिका व ग्राफीन जवळजवळ संपूर्ण परत मिळविता आले. असे ट्रान्झिस्टर आजच्या वेगवान चिपची जागा घेणार नाहीत. पण त्यांनी वाट दाखविली आहे.

ती वाट कारखानदार आपण होऊन धरील काय? नदीचे पाणी आणि कामगाराची फुप्फुसे स्वस्त आहेत, तोवर त्याला नासाडी परवडते. डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने चिप व पडदे यांच्या उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. हा पैसा जनतेचा आहे. द्रव्य किती घेतले, किती वाया गेले, किती परत मिळविले, याचा जाहीर हिशेब ही अनुदानाची पहिली अट असली पाहिजे. कामगार चळवळीने ही मागणी आताच लावून धरावी. कारखाने उभे राहिल्यावर उशीर झालेला असेल.