इलेव्हन प्लस आणि शनिवारची मराठी शाळा

शनिवारच्या मराठी शाळेच्या दोन तासांपैकी एक तास इलेव्हन प्लसच्या तयारीला द्यावा, ही काही पालकांची मागणी मंडळाच्या कार्यकारिणीने अमान्य केल्यापासून सभासदांत बरीच चर्चा, आणि क्वचित चर्चेपलीकडचेही काही, चालू असल्याने निर्णयामागील भूमिका मांडणे आवश्यक झाले आहे. इलेव्हन प्लस म्हणजे ग्रामर स्कूलांत, अर्थात गुणवत्तेवर प्रवेश देणाऱ्या सरकारी खर्चाच्या माध्यमिक शाळांत, जाण्यासाठी दहा-अकराव्या वर्षी द्यावयाची परीक्षा. १९४४ च्या शिक्षण कायद्यानंतर रूढ झालेली ही व्यवस्था पुढे बहुतेक ठिकाणी मोडीत निघाली, १९९८ च्या कायद्याने नव्या ग्रामर स्कूलांना मज्जाव केला, आणि आज इंग्लंडमध्ये अशा १६३ शाळाच उरल्याने चुरस तीव्र आहे. परीक्षा इयर सिक्सच्या आरंभी, सप्टेंबरात होत असल्यामुळे तयारीचा भार इयर फोर व फाइव्हवर येतो, आणि मराठी शाळेचा पटही नेमका तेव्हाच गळतो.

यात कोणाला दोष देण्याचा हेतू नाही. कार्यकारिणीतील काहींची मुलेही ही परीक्षा देणार आहेत. महाराष्ट्रात चौथीच्या शिष्यवृत्तीसाठी शाळेच्या जादा तासांना बसलेल्या पिढीला असली परीक्षा परकी वाटत नाही, उलट मुलाला तिला न बसवणे हीच हयगय वाटते. मात्र नॉन-व्हर्बल रीझनिंग, म्हणजे आकृत्यांतील क्रम व संबंध ओळखण्याचा विषय, शिकवणारे खासगी वर्ग हवे तेवढे आहेत, तर मुलांना मराठी लिहावाचायला शिकवणारा या परिसरात मंडळाचाच वर्ग आहे. शिवाय येथील शिक्षक विनामूल्य शिकवतात ते मराठीसाठी. शिकवणीवर्ग चालवण्याची अपेक्षा त्यांच्यावर लादणे कार्यकारिणीला रास्त वाटले नाही.

विरोधी पक्षाचा एक मुद्दा मात्र वजनदार आहे. जीसीएसई या सोळाव्या वर्षीच्या शालान्त परीक्षेत गुजराती, पंजाबी, बंगाली व उर्दू हे विषय घेता येतात, मराठी घेता येत नाही, त्यामुळे या वर्गातील श्रम कोणत्याही गुणपत्रिकेवर उमटत नाहीत. शिक्षणासाठी पोटाला चिमटा काढणाऱ्या घरांतही जे परीक्षेला येत नाही ते शिक्षणात धरले जात नाही, ही वस्तुस्थिती कडू असली तरी ती केवळ या मंडळापुरती नाही. प्रमाणपत्र देणारी परीक्षा मंडळानेच सुरू करावी, अशी सूचना आहे. तिला अनुकूल आणि प्रतिकूल असे दोन्ही सूर असल्याने ती विचाराधीन ठेवली आहे.

या विषयासाठी बोलावलेल्या विशेष सभेत मागच्या रांगा रिकाम्या होत्या आणि व्हॉट्सॲपवर सर्वाधिक लिहिणारे बहुतेक सभासद अनुपस्थित होते, याची नोंद खेदाने करावी लागते. तडजोड म्हणून इयर फाइव्हच्या विद्यार्थ्यांना परीक्षा होईपर्यंत एक शनिवार सोडून एक यावे अशी मुभा दिली आहे. सभागृहाचे भाडे तेवढेच राहत असल्याने शुल्कात सवलत देता येणार नाही. गैरहजेरी गुरुवारपर्यंत वर्गशिक्षकांना कळवावी. नव्या शिक्षकांची गरज असून मुलांसोबत काम करणाऱ्यांसाठी आवश्यक असलेल्या डीबीएस तपासणीला, म्हणजे पूर्वीच्या गुन्ह्यांच्या पडताळणीला, वेळ लागत असल्याने इच्छुकांनी नावे लवकर द्यावीत. वर्ग सुटल्यावर मुलांना वेळेवर न्यावे, कारण पुढची संस्था दाराशी उभी असते.